अकरा मिनिटं

लॅमिंग्टन रोडला मुर्तझाभाईनं दोन खोकी मांडली काउंटरवर.
चिप तीच, मेमरी तीच.
एकाला मात्र तीन पंखे, धातूची पाठ
आणि कडेला एक चिमुकलं बटण.
"याचे बावीस हजार जास्त," म्हणाला, "पण घोडा आहे.
टाच मारायची आणि बघायचं."

मी टाच मारणाऱ्यांच्या घराण्यातला नाही.
आमच्याकडे मिक्सरसुद्धा दोन नंबरच्या पुढे
कुणी फिरवलेला नाही.
तरी घेतला. हप्त्यावर.
घरी किंमत सांगितली ती साध्याची.

मी इमारती बनवतो, विटांशिवाय.
जिथे नुसते पत्रे ठोकलेत आणि आत खड्डा,
तिथला एकतिसावा मजला मी रात्रभर शिजवत ठेवतो.
तरणतलावात कललेलं ऊन,
बाल्कनीत कॉफीचा कप धरून एक बाई
जिला कधी घाम येत नाही.
सकाळी दहाला फाईल पाठवायची.
पैशांचं विचारलं की "बघतो."

पहिल्या रात्री घड्याळ शंभरनं वाढवलं.
मग पंचवीस. मग दहा. मग पाच पाच,
दूध उतू जाईल म्हणून शेजारी उभं राहावं तसा.
पडद्यावर हिरवे ठिपके उठले, विझले,
एकदा सगळंच काळं
आणि त्या काळ्यात माझं तोंड, चष्म्यासकट.
चिपलाही नशीब असतं म्हणतात,
एकाच तबकडीतून कापलेल्या दोघी,
एक धावते, एक धापा टाकते.
माझी मधलीच निघाली.

सहा तास चार मिनिटांचं काम
पाच तास त्रेपन्नमध्ये झालं.
अकरा मिनिटं!
वहीत लिहिली. खाली हप्ता लिहिला, विजेचं बिल लिहिलं,
भागाकार मांडला
आणि उत्तर यायच्या आत वही मिटली.
ती वाचलेली अकरा मिनिटं मी
वाचली का ते बघण्यात घालवली होती.

आप्पा त्याच खोलीत झोपतात.
कन्नमवार नगरातली खोली, तिला दुसरी कुठून आणू?
फ्रिजच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कॉम्प्रेसर जोडले त्यांनी.
चौथ्या रात्री उठून बसले, बनियन काढला
आणि कॅबिनेटच्या मागे तळहात धरला,
पोराचा ताप बघतात तसा.
"किती?"
"त्र्याऐंशी."
"गार कोण करतंय?"
"तीन पंखे आहेत."
"पंखा गार नाही करत रे. गरमी हलवतो फक्त.
आम्हीही जन्मभर तेच केलं,
लोकांच्या भाजीतली गरमी काढून
फ्रिजच्या पाठीमागे सोडली."
मग स्वतःच्या ओल्या उशीकडे बघत राहिले.
पुढचं वाक्य त्यांनी बोललं नाही,
मला ते ऐकू आलं.

झोपता झोपता एवढंच विचारलं,
"दाब उतरवून बघितलास का?"

पाचव्या रात्री, ते झोपल्यावर, चोरून
व्होल्टेज एक पायरी खाली घेतलं. काही झालं नाही.
अजून एक. अजून अर्धी.
पंख्यांचा आवाज बसला,
शेजाऱ्यानं टीव्ही बंद करावा
आणि तेव्हाच कळावं की तो चालू होता, तसा.
सत्तर अंश.
अकरातली चार गेली, सात उरली.
साध्या खोक्यानंही बहुतेक एवढं केलं असतं.
हे वहीत लिहिलेलं नाही.

परवा रात्री दुकान मिटवताना मुर्तझाभाईचा फोन.
नवीन माल आलाय, म्हणाला, याच्यापुढे तुझा घोडा म्हणजे खेचर.
मी म्हटलं, किती जास्त?
विचारलं, एवढंच.
आप्पा घोरत होते, पांघरूण घेऊन.
एकतिसाव्या मजल्यावर वारा सुटला होता,
पडदे हलत होते
मी सांगितलं होतं तेवढेच.